पेडल घेतलंस?

आई,

आज रविवार. जेवण उरकून मी ओटीवर बसलोय आणि समोर लाकडी फळीवर गिटारची पाच पेडलं मांडून ठेवलीत. सहाव्याची जागा रिकामी आहे. त्या जागेसाठी ओळखीच्या एका वादकाने दोन पेडलं वाजवून बघायला दिली आहेत. त्यातलं एक ठेवून दुसरं उद्या परत द्यायचंय, आणि पंधरा दिवस झाले तरी माझं ठरत नाही. तुला यातलं काय कळणार, असं मी पूर्वी म्हणायचो. आता सांगतो. गिटारची वायर सरळ स्पीकरच्या डब्यात न घालता आधी या पेडलांतून फिरवायची. पायाने दाबलं की एक पेडल आवाज खरखरीत करतं, एक लांबवतं, एक वाजवलेलं पुन्हा म्हणून दाखवतं, एक रिकाम्या देवळात वाजवल्यासारखं घुमवतं. कुठलं आधी लावायचं आणि कुठलं नंतर, याचंही शास्त्र आहे. घुमवणारं आधी लावून खरखरीत करणारं नंतर लावलं तर सगळा चिखल होतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली. तेवढ्यात लोकांची पोरं कॉलेजात गेली, मी पेडलांची रांग लावायला शिकलो.

आता आलेल्या दोन्हींतलं एक घुमवणारं आहे. त्याच्यावर एक बटण आहे, एका बाजूला फिरवलं की मूळ आवाज जास्त, दुसऱ्या बाजूला फिरवलं की घुमारा जास्त. मूळ आवाजाला इंग्रजीत ड्राय, म्हणजे सुका म्हणतात आणि घुमाऱ्यात भिजलेल्याला वेट, म्हणजे ओला. पहिल्यांदा हे एका दुकानात ऐकलं तेव्हा मी एकटाच हसायला लागलो. दुकानदाराला वाटलं, मी त्याच्या बोलण्याला हसतोय. त्याला काय सांगणार, की माझी आई डहाणूच्या बंदरावर जन्मभर बोंबील सुकवत होती आणि हे तिने मला त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवलंय.

तो दिवस आठवतो. मी बारावीला होतो आणि आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतल्या एकाचं खरखरीत आवाजाचं पेडल दोन दिवसांसाठी घरी आणलं होतं. बाबा बोटीवर. तू अंगणात बांबूच्या वलांडीवरचे बोंबील उलटे करतेयस, आणि मी ओटीवर सगळी बटणं शेवटपर्यंत पिळून वाजवतोय. शेजारच्या कोंबड्या पळाल्या. तू वलांडीवरून एक बोंबील काढलास, अंगठ्याने मधोमध दाबलास आणि माझ्यासमोर धरलास. "ह्यो बघ. वरून खडखडीत, आतून ओला. हा टिकत नाय. तुझं वाजवणं असं हाय." मी चिडलो. तुला संगीतातलं काय कळतं, बोंबलात नि गिटारमध्ये काही फरक आहे की नाही, असं बरंच काही बोललो. तू तो बोंबील पुन्हा उन्हात टांगलास आणि म्हणालीस, नाचता येईना अंगण वाकडं. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आज कुणी नव्या वादकाने मला आवाज ऐकवला की मीही मनातल्या मनात अंगठा दाबून बघतो. बहुतेक ओलेच असतात.

आणि तरीही तूच मला पेडल आणून दिलंस. सुकी मासळी घेऊन मुंबईला निघाली होतीस. मी म्हटलं, येताना पेडल आण. कसलं, कुठून, तू विचारत होतीस आणि मला तालमीला जायची घाई. काळं असतं, पायाने दाबायचं, वायर असते, दाबलं की फरक पडतो, एवढं सांगितलं. नाव कागदावर लिहून दे म्हणालीस तर मी म्हटलं, लिहायचं काय त्यात, नुसतं पेडल म्हण, त्यांना कळतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू गेलीस, मासळी विकलीस, चार दुकानं पालथी घातलीस आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलीस. पाय न धुता आधी टोपलीतून पंच्यात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या हातात दिलीस.

ते शिलाई मशीनचं पेडल होतं. मोटर लावलेल्या मशीनखाली असतं ते. काळं, पायाने दाबायचं, वायर असलेलं. मी सांगितलं होतं त्यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. मी ते उलटंपालटं करतोय आणि तू माझ्या तोंडाकडे बघतेयस. कपाळावर मीठ वाळलेलं, केसांत मासळीचा वास. "ह्येच ना?" असं विचारलंस. सांगायला किती वेळ लागला असता? पण तुझा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, हेच.

मग ते निभावणं आलं. संध्याकाळी तू जवळा निवडत अंगणात बसलीस आणि म्हणालीस, वाजवून दाखव. मी गिटारची वायर नेहमीसारखी डब्यात घातली, ते पेडल पायाखाली ठेवलं, त्याची वायर पाटाखाली सरकवली आणि दाबून वाजवायला लागलो. तू मान वाकडी करून ऐकलंस. फरक पडला, म्हणालीस. मला हसू आलं आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या सगळ्या बायकांना कळलं होतं, की माझ्यासाठी मुंबईचं पेडल आलंय. आठवड्याने कैनाडला एक हळद होती, तिथे तू येणार म्हणून ते मी घेऊन गेलो. आमच्या कीबोर्डवाल्याने ते पाहिलं आणि विचारलं, ब्लाउज शिवणार आहेस का. त्याला कोपऱ्यात नेऊन गप्प केलं.

कैनाडच्या सुमारासच तू बायकांना सांगायचं थांबवलंस. हे माझ्या लक्षात आलं होतं, आई, पण मी समजलो, नव्याचे नऊ दिवस संपले. फक्त एक राहिलं. मी गिटार खांद्याला लावून निघालो की दारातून विचारायचीस, "पेडल घेतलंस?" मी घेतलंय म्हणायचो. विवळवेढ्याच्या यात्रेत वाजवायला निघालो तेव्हा, घोलवडला वाडीवाल्यांच्या लग्नात, नवरात्राच्या नऊच्या नऊ दिवशी. पुढे मला खरी पेडलं मिळाली, दोन झाली, तीन झाली, तरी तुझा प्रश्न तोच आणि ते मशीनचं पेडलही पिशवीत तळाशी. एकदा मी वैतागलो. दर वेळी काय तेच विचारतेस, मी काय लहान आहे, असं तोडून बोललो. तू उंबऱ्यावर सुपात तांदूळ पाखडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "इचारते. तू काय सांगतोस, ते बघते." मला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांना बोलायला काहीतरी लागतं, असं समजून मी निघून गेलो.

शेवटच्या आठवड्यातही विचारलंस. ताप उतरत नव्हता, तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी कुठेही निघालो नव्हतो, तुझ्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलो होतो. तू वळलीस आणि विचारलंस, पेडल घेतलंस? मला वाटलं, तापात बरळतेयस. मी म्हटलं, हो, घेतलंय. तू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलीस आणि पुन्हा वळलीस.

त्यानंतर पार्टी मोडली. आता हळदीला डीजे असतो, गिटारवाल्याला कोण विचारतो. मी तलासरीच्या कचेरीत नोकरीला लागलो, मोटरसायकलने जातो-येतो. लग्न जमलं नाही आणि मग जमवायचंही राहून गेलं. बाबा गेल्यापासून घरात मी एकटा आहे. शेजारी चांगले आहेत, सणाला ताट येतं. पण बाहेर पडताना दारातून काही विचारणारं कुणी नाही, आणि कितीही वर्षं झाली तरी कुलूप लावताना माझा हात क्षणभर थांबतो. रविवारी एकट्याने वाजवतो. एकट्यासाठी सहा पेडलं कशाला, असं तू म्हणाली असतीस. मी एकच आवाज शोधतोय. अंगणात तू जवळा निवडत बसली होतीस, त्या संध्याकाळचा. आधी वाटलं तो एका सुराचे अनेक करणाऱ्या कोरसने मिळेल, मग वाटलं वाजवलेलं पुन्हा म्हणणाऱ्या डिलेने. आता हे घुमवणारं, आणि दुसरं एक आहे, जे बारीक सूर वर उचलतं आणि मोठ्याला दाबून धरतं. दोन्ही चांगली आहेत. तो आवाज दोन्हींत नाही.

मागच्या गुरुवारी कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत ही फळी घेऊन तिच्यासाठी पिशवी शिवायला टाकायला गेलो. बाजारात एक लहानसं दुकान आहे, तिथे मशीनच्या बाजूला स्टुलावर एक म्हातारी बसली होती. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवायची ती गुजराती बेन, तुझी ओटीवरची मैत्रीण. आता मुलाकडे तलासरीला असते. फळीवरची पेडलं बघून तिने विचारलं, तुझ्या आईने आणलेलं मशीनवालं कुठे हाय? मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. ती हसायला लागली. म्हणाली, तुझी आई ते घेऊन आली होती ना माझ्याकडे, मुंबईहून आल्यावर चार दिवसांनी, तू कॉलेजात गेलेला तेव्हा. माझ्या पोराचं पेडल बघ म्हणून दाखवायला आली होती. तेव्हा बेनने आपल्या मशीनखालचं ओढून शेजारी ठेवलं होतं. दोन्ही सारखीच.

मी तिला विचारलं, मग आई काय म्हणाली. मला बसायला स्टूल दिलं तिने. म्हणाली, पहिले तर दोन्हीकडे बघत बसली. "मग मी बोलली, दीकरा, की माझा भाई मुंबईला जातो, बदलून आणेल. तर ती बोलली, नको. त्याला माहीत असणार. तो मना सांगेल, तेव्हा बदलू."

तो मना सांगेल, तेव्हा बदलू.

आई, मी तिथे स्टुलावर किती वेळ बसलो होतो मला माहीत नाही. सुट्टी संपून गेली. म्हणजे कैनाडच्या हळदीत मी कीबोर्डवाल्याला कोपऱ्यात नेऊन गप्प करत होतो तेव्हा तू समोर बायकांत बसून माझा पाय बघत होतीस आणि तुला सगळं ठाऊक होतं. म्हणजे ती सगळी वर्षं दारातून तू पेडलाची चौकशी करत नव्हतीस. मला वाटत होतं मी तुझं मन सांभाळतोय, आणि तू वाट बघत होतीस. शेवटच्या तापातही. मी हो म्हणालो तेव्हा तू जे बघत राहिलीस, ते मी परत परत आठवून बघतोय. रागावली होतीस का? मला तसं वाटत नाही. पण नक्की सांगणारं आता कुणी नाही, आणि हे मला सहन होत नाही.

बेनने फळीचं माप घेतलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, ते पण यातच ठेवणार का, मग दोन बोटं वाढवून घेते. मी वाढवा म्हटलं. म्हणजे सहाव्या जागेचा निर्णय तसा झालाच आहे. उद्या दोन्ही पेडलं परत देईन.

आज जेवणानंतर मी पेटीतून ते काढलं. पंच्यासकट तिथेच होतं. रबर थोडं चिकट झालंय, स्प्रिंग अजून चांगली आहे. बाकी सगळी पेडलं बाजूला सारली, वायर सरळ डब्यात घातली आणि ते पायाखाली घेऊन वाजवलं. आणि आई, फरक पडतो. पाय दाबला की अंगाचा भार त्या बाजूला जातो, खांदा उतरतो, हात तारेवर जरा जड पडतो आणि सूर आतपर्यंत जातो. त्या संध्याकाळी तू माझं मन राखायला खोटं बोलली नव्हतीस. तुला तेव्हा ते मशीनचं आहे हे माहीतही नव्हतं. तू ऐकलंस तेच सांगितलंस. इतकी वर्षं मी तो आवाज वायरीत शोधत बसलो.

आता ऊन वलांडीच्या जागेवरून सरकलंय. तिथे हल्ली मी तुळस लावलीय, ती नीट जगत नाही, मातीत मीठ आहे. हा कागद कुठे टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, म्हणून तर इथवर लिहवलं. घरात कुणी नाही, तरी मोठ्याने म्हणवत नाही, तेवढं एक लिहितो आणि उठतो.

आई, तू आणलंस ते शिलाई मशीनचं पेडल होतं. मला हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं.