सत्तेचाळीस माणसं

बुडापेस्ट,
१४ मार्च १९१४

प्रिय रेझीताई,

तुला आणि घरच्या सगळ्यांना नमस्कार. आम्ही तिघेही खुशाल आहोत. तुझी खुशाली तू कळवणार नाहीसच, तेव्हा ती धरून चालतो. दीड वर्षात तुझं हे चौथं न आलेलं उत्तर. मोजायची सवय काही जात नाही बघ.

इर्माची कंबर थंडीत धरली होती, आता बरी आहे. एमिल वीस वर्षांचा झाला. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि तुझ्या पदराला जामाचे हात पुसत होता. आता मिशीला मेण लावतो. नाक मात्र अगदी तुझं, आपल्या झेमुनच्या घरातलं. सक्तीची वर्षभराची शिपाईगिरी करून आला आणि आता पूल बांधायचं शिकतोय.

सोबत आमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती पाठवतो. कोणत्या देशाकडे किती फौज, किती तोफा, किती मैल रेल्वे, आणि त्यावरून कोण पहिला, कोण शेवटचा. यंदा अठ्ठावीस देश घेतलेत. कॉफीहाउसात लोक यावर पैजा मारतात. परवा एक दाढीवाला गृहस्थ इटली खाली गेली म्हणून मला भर रस्त्यात शिव्या देऊन गेला! त्याच्या बायकोचं माहेर तिकडचं म्हणे.

तू सावा नदी ओलांडून सर्बियात लग्न करून गेलीस, म्हणून तुमचा देश कितवा ते तू बघशीलच. एकोणिसावा. रागावू नकोस. आमचे प्रकाशक बोगनारसाहेब म्हणतात, "कास्पर, आपण किती मोठे आहोत हे वाचायला लोक पैसे देतात. शेजारी किती मोठा आहे हे वाचायला कोण देईल?" आणि नियम नियम असतो. सरकारी कपडे अंगावर असतील तोच शिपाई, बाकीचे मोजायचे नाहीत.

रादिसावदाजींना नमस्कार सांग. घेतील तर.

तुझा,
कास्पर


बुडापेस्ट,
२६ जुलै १९१४

प्रिय ताई,

नमस्कार. तब्येती ठीक आहेत. उकाडा फार आहे. इर्माने काल पहिल्या आलुबुखारांचे गोळे केले, पण कुणी फारसे खाल्ले नाहीत.

इथल्या भिंतींवर आज सकाळी फौजेत हजर होण्याचे हुकूम लागले. तुमच्याकडेही काल दवंडी पिटली असेल. आमच्या राजपुत्राचा खून झाल्यापासून लोक नुसते धुमसत होते, आता रस्त्यावर गात आहेत. आमचं पुस्तक दुकानातून संपलं. बोगनारसाहेब पुन्हा छापताहेत. कॉफीहाउसात एकाने सर्बियाचं पान फाडून वेटरच्या पाठीवर डकवलं, आणि वेटर दिवसभर ते मिरवत होता.

एमिललाही बोलावणं आलंय. बोगनारसाहेबांच्या ओळखीने मी त्याच्यासाठी इथल्याच कपड्यांच्या कोठारात कारकुनाची जागा ठरवली होती. गणवेश मोजायचे, पावत्या लिहायच्या. बापाचाच धंदा. त्याने ती जागा नाकारली. जेवताना पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवून मला म्हणाला, "बाबा, हे तुम्हीच लिहिलंय ना? पाचव्या नंबरचा आपला देश एकोणिसाव्याशी लढणार. कॉलेज उघडायच्या आत परत येतो की! आणि मी काय चड्ड्या मोजत बसू?"

इर्माने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी काहीतरी बोलेन. मी पावाला लोणी लावत राहिलो.

ताई, १९१२च्या त्या सप्टेंबरबद्दल, मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हाबद्दल, आपण कधी बोललोच नाही. तुझ्या अंगणात आलुबुखारांचा जाम रटरटत होता, मी कढई ढवळत होतो आणि तुर्कांशी लढायला बोलावणारा ढोल वाजला. तास-दीड तासात गावातले पुरुष वेशीवर जमले. दाजी झाडावरून उतरले, तू पिशवीत पाव आणि कांदे घातलेस, आणि ते अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. जुना कोट, कातड्याच्या चपला, बंदूक बहुतेक त्यांच्या बापापेक्षा म्हातारी. मी फाटकात उभा राहून म्हणालो, "काय दाजी, लढाईला निघालात की बाजाराला?" आणि स्वतःच हसलो.

ते थांबले. "मोजलंस का मला, कास्पर? परत आल्यावर पुन्हा मोज."

तू मला त्याच संध्याकाळी गाडीत बसवलंस, आणि तेव्हापासून एक ओळ नाही. चूक माझी होती. हे मी आज लिहितोय, तेव्हाच लिहायला हवं होतं.

उत्तर दे, ताई. या वेळी खरंच दे. दाजी कुठे आहेत एवढंच कळव.

तुझा,
कास्पर


बुडापेस्ट,
३ ऑगस्ट १९१४

ताई,

मागचं पत्र परत आलं. पोस्टातली बाई म्हणाली, "तिकडचं टपाल बंद झालं, साहेब. आता तिकडे फक्त पलटणी जातात." तिच्या त्या बोलण्यावरूनच मला सुचलं, हे पत्र कुणाहाती पाठवायचं. मागचं पत्र यातच घातलंय.

एमिलची पलटण उद्या दक्षिणेला निघते. सावेच्या काठी, पलीकडच्या तुमच्या शाबात्स शहरासमोर. नकाशात ते आणि तुझं गाव यात माझं अर्धं बोटसुद्धा मावत नाही.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

मागे मी तुला नियम सांगितला, बोगनारसाहेबांवर ढकललं. ते अर्धंच खरं आहे. त्या दिवशी वेशीवर मी माणसं मोजली होती. सत्तेचाळीस. चुलीवरची भाजी तशीच सोडून गेलेली, सगळी चाळिशीच्या पुढची. एकालाही शोधायला जावं लागलं नाही, एकही म्हणाला नाही की पाय दुखतो. माझ्या पुस्तकातल्या पहिल्या पाच देशांत असं एक गाव दाखव मला. आणि पुढच्या वर्षी कळलं की दाजी दोन लढायांतून चालत परत आले, त्याच चपला घालून.

मी तशी टीप लिहिली होती. सर्बियाच्या पानाखाली तीन ओळी: यांच्या तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे चाळिशीपुढच्या, माणसांना गणवेश नाही, म्हणून ती आकड्यात धरलेली नाहीत, पण ती येतात आणि लढतात. बोगनारसाहेबांनी ती वाचलीसुद्धा नव्हती. छापायला देण्याआधी मीच खोडली. तू मला हाकलून दिलंस आणि त्या चपलावाल्या माणसासमोर मी लहान ठरलो, याचा राग होता. तिसऱ्या वर्गाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. लिहिताना बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

काल एमिलला सगळं सांगितलं. त्याचे दोन मित्र जेवायला होते. मी म्हटलं, पुस्तक चुकलंय, मी चुकवलंय, ती कोठारातली जागा अजून मिळेल. त्याने विचारलं, "अशी किती माणसं असतील, बाबा?" मी म्हटलं, मी मोजली ती सत्तेचाळीस, एका गावातली.

"सत्तेचाळीस!" तिघेही टेबलावर हात आपटून हसले. "कांदे घेऊन येतील ना? चला, आपल्या रश्श्याची सोय झाली!"

ते हसू मी ओळखलं, ताई. तुझ्या फाटकात उभं राहून मी असाच हसलो होतो.

रात्रभर इर्मा माझ्याशी बोललेली नाही. सकाळी तिने त्याच्या कोटाला आतून खिसा शिवला. हे पत्र त्या खिशात जाईल. एमिलला सांगितलंय, आत्याचं गाव लागलं तर तिच्या हातात दे, वाचायचं नाही. तो खूश आहे. म्हणाला, "आत्याकडून जामाची बरणी घेऊन येतो." त्याला वाटतंय तो तुझ्याकडे सुटीला चाललाय.

तो तुझ्या दारात आला तर दार उघड. त्याच्या अंगावरचे कपडे बघू नकोस, नाक बघ. त्याला आत घे, खायला घाल, आणि जमलं तर तिथेच ठेवून घे. कुणी त्याला भित्रा म्हणालं तर म्हणू दे. मी जन्मभर ऐकून घेईन.

पण मी आकड्यांचा माणूस आहे, दुसरी शक्यता मला दिसते. तुला हे पत्र दुसरंच कुणी आणून देईल. नदीकाठी पडलेल्या एखाद्या पोराच्या कोटातून काढलेलं, पाकिटावर तुझं नाव दिसलं म्हणून. आमची लिपी दाजींना वाचता येत नाही, पण तुझं नाव त्यांना ओळखता येतं. आणणारे तेच असतील तर त्यांना बसव, पाणी दे. त्यांनी विचारलं काय लिहिलंय, तर सांग की कास्परने माफी मागितली आहे. ते खरंच आहे.

तो मुलगा कोण होता, हे त्यांना सांगू नकोस.

सत्तेचाळीस मोजून शून्य लिहिणारा,
तुझा धाकटा भाऊ,
कास्पर