वासी उत्तरायणासाठी राखलेले पतंग

अण्णा, आज उत्तरायण होतं आणि मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला तुम्हीच सापडता, काय करू!

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सचं धाबं आठवतंय ना? तुम्ही पतंग उडवताय, मी मागे मांजाची फिरकी धरून उभी, आणि आई खालून ओरडतेय, उंधियो गार होतोय म्हणून. सगळ्यात देखणे पतंग मात्र तुम्ही गादीखाली दडवलेले, दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणासाठी. "आजच सगळे संपवले तर उद्या काय उडवायचं?" आणि उद्या हमखास वारा पडायचा. आपण दोघं रिकाम्या आभाळाकडे बघत बसायचो. मग ते पतंग माळ्यावर, पुढच्या वर्षासाठी. रिटायर झालो की तरसालीच्या आपल्या घरावरून मनसोक्त उडवू, म्हणायचात. घर बांधलंत, मला शिकवलंत, त्याबद्दल बोलायला मला तोंड नाही. पण त्या धाब्यावर तुम्ही एकदाही पतंग घेऊन चढला नाहीत हो! रिटायर व्हायच्या आधीच गेलात. माळ्यावरचे पतंग मी काढले, तर हातातच त्यांचा चुरा झाला.

आणि मी काय केलं? हे गेल्यापासून घरात मी एकटी. तुमचा नातू कॅनडाहून यंदा नक्की येतो म्हणाला, म्हणून पतंग आणून ठेवले. काल त्याचा फोन. "आई, सुट्टी नाही मिळाली गं. नेक्स्ट इयर पक्कं." बरं म्हटलं, आणि आज सकाळी पतंग माळ्यावर टाकायला स्टुलावर चढले! तिथे उभ्याउभ्या कळलं, मी कोणाची मुलगी आहे ते. तशीच उतरले आणि पतंग घेऊन कारेलीबागेतल्या या आमच्या धाब्यावर गेले. शेजारची म्हणाली, "मासी, एकलां? फिरकी पकडुं?" नको म्हटलं. फिरकी पायाशी ठेवली. जन्मभर फिरकीच धरलेली मी, दोन पतंग कठड्यालाच फाटले. तिसरा चढला. काय वारा होता, अण्णा! ढील देताना सवयीने मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं, आणि तरी खाली उतरावंसं वाटेना.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? राहू दे इथेच. पण तुमच्यावर आणखी रागावण्याआधी एक सांगायला हवं. सगळ्यात देखणा पतंग मी उडवला नाही. पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. तुमचा नातू पुढच्या वर्षी येतो म्हणालाय ना.