टॅबच्या कपाळाला कुंकू

आई,

या श्रावणात तुझी पोथी मी टॅबवरून वाचते आहे. लगेच कपाळाला हात लावू नकोस, आधी ऐकून घे. टॅब म्हणजे शाळेच्या पाटीएवढी काच. तिच्यात अक्षरं येतात, फोटो येतात, पुण्याची भाचेमंडळी हलतीबोलती येतात. तुझ्या वेळी असलं काही नव्हतं, आणि असतं तरी तू त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवला असतास. मलाही हे खूळ नकोच होतं, पण माझ्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज आहे, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. म्हणजे काय होतं सांगू? माणूस समोर आलं की त्याचे कान दिसतात आणि नाक दिसत नाही. ओळ वाचायला घेतली की नेमका जो शब्द बघावा तोच पुसलेला. हे मी फक्त सुनेला सांगितलं. पोथीला येणाऱ्या बायकांना अवाक्षर बोलले नाही. तू गेल्यावर त्यांनीच मला तुझ्या पाटावर बसवलं, आणि तेव्हापासून श्रावणातल्या त्या चार-पाच सोमवारी दुपारी मी कुणीतरी असते. डोळ्यांचं कळलं असतं तर "ताई, तुम्ही आता आराम करा" असं गोड बोलून त्यांनी मला पाटावरून उठवलं असतं. मग मी चहाचे कप भरायचे आणि दुसऱ्या कुणीतरी वाचायचं. ते मला सोसलं नसतं, खरंच सांगते.

सून मला रिक्षात घालून बाजारातल्या दुकानात घेऊन गेली. तिथला मुलगा चकचकीत, महागडे दाखवायला लागला तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, स्वस्तातला घेतला तर तो सहा महिन्यांत रडायला लागेल. आणि एवढा महागातला घेतला तर तुम्ही तो कपाटातून बाहेरच काढणार नाही. आपण मधला घेऊ." पोरगी मला बरोबर ओळखून आहे. आणि मी तुझी मधली मुलगी, त्यामुळे मधल्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे मला वेगळं कुणी शिकवायला नको. घरी आल्यावर तिने तुझ्या पोथीचं पान न् पान तिच्या फोनने टिपून टॅबमध्ये भरलं. टॅबचा स्वतःचा कॅमेरा असा आहे की त्यात सगळं जग धुक्यात असल्यासारखं येतं. पण दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली की अक्षर बोराएवढं होतं, आई! पुसलेला शब्द कडेकडेने का होईना, हाती लागतो. तुझ्या तेलकट बोटाचा डाग माझ्या तळव्याएवढा होऊन समोर येतो आणि मी त्याच्यावरून वाचत पुढे जाते. कव्हर मागे दुमडलं की टॅब चौरंगावर उभा राहतो, मान अवघडत नाही. बोलले तर लिहूनसुद्धा घेतो. हे पत्र मी बोलतेच आहे, फक्त पूर्णविराम कुठे द्यायचा ते त्याला कळत नाही, ते सून मागाहून घालेल. उणंही पुष्कळ आहे. एका हातात धरला तर मनगट भरून येतं. खिडकीपाशी बसलं की अक्षरांऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं. एका वेळी दोन कामं सांगितली की रुसून बसतो, आणि बँकेचं काही करायचं म्हटलं की तो नंबर फोनवरच येतो, म्हणजे दोन्ही बाळगा. तरी मला तो आवडला. जेवढं येतं तेवढं करतो, उगाच मोठेपणा नाही.

तुझ्या पोथीच्या शिस्तीचं प्रकरण आठवतं का? बाजारामागच्या आपल्या त्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या, तू पाटावर, आणि मी आत स्टोव्हपाशी, नैवेद्याच्या दुधावर लक्ष ठेवायला. अध्याय सुरू झाला की वाचणारीने उठायचं नाही आणि पोथीबाहेरचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही, काढला तर अध्याय पहिल्यापासून. हा तुझा नियम. एकदा मी बाहेरच्या बायकांच्या बांगड्या बघत दारात उभी राहते आणि मागे दूध उतू जातं. तुला वास येतो. तू थांबत नाहीस, नुसता आवाज चढवतेस, आणि ओवी म्हणताना माझ्याकडे असे डोळे वटारतेस की मला वाटतं देवच माझ्यावर कोपलाय. आरती झाल्यावर मग काय ती बोलणी खाल्ली! "तुला हाक मारायला मी अध्याय मोडू का?" एवढंच तू दहा वेळा म्हणालीस. पण पाठीत धपाटा घालून झाल्यावर भांड्याच्या तळाची खरवड मलाच दिलीस.

तर पहिल्या सोमवारी मी चौरंगावर टॅब मांडला. शेजारी तुझी पोथी सोवळ्याच्या कापडात ठेवली, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. "अक्षर मोठं दिसतं, आवाज मोकळा लागतो," असं काहीतरी मी ठोकून दिलं. आमच्या सोसायटीतल्या बँकेच्या मॅडम, आता निवृत्त आहेत पण बोलणं अजून काउंटरवरचंच, त्यांनी विचारलं, "स्क्रीनवर वाचलेलं देवाला पोचतं का?" त्यावर तुझी मैत्रीण, आमची मिठागरवाली मावशी बोलली. हो, ती अजून येते, तुझ्या वेळची ती एकटीच उरली. मिठागर कधीच गेलं, आता ती उरणच्या बाजूहून लेकाच्या मोठ्या गाडीतून येते आणि आमच्या गल्लीत ती गाडी लावायला जागा मिळत नाही. ती म्हणाली, "त्या काचंन देव हाय का नाय ते मना नाय ठाव. आमी तं हिचा आवाज आयकाला येताव." विषय मिटला. फक्त पोथीतला लग्नाचा प्रसंग आल्यावर बायकांनी रिवाजाप्रमाणे फुलं वाहिली, पोथी म्हणून टॅबवरच, ती ओली होती, आणि पाणी काचेवर पडताच टॅब चार पानं पुढे पळाला. कशीबशी सावरले. म्हणून सगळ्यांना बजावलं, यापुढे काचेला कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी ते अगदी तंतोतंत पाळलं. मी वाचत होते, हळदकुंकू वाहायची जागा आली. मावशी पुढे झाली. काचेला धक्का न लावता वरच्या काळ्या पट्टीवर, बरोबर मधोमध, जिथे माणसाचं कपाळ असतं तिथे, तिने ठसठशीत हळदकुंकू लावलं. मी वाचतच होते. आणि थोड्याच वेळात अक्षरं विझायला लागली. आधी फिकी झाली, मग करडी, मग नुसता काळोख. आई, मला वाटलं, गेले. डॉक्टरांनी ज्याची भीती घातली होती ते हेच, आत्ता, इथे, पाटावर. दोन ओव्या पाठ होत्या त्या म्हटल्या. तिसरी निम्मी आली. आणि मी तुझा नियम मोडला. अध्यायाच्या मधोमध मोठ्याने म्हणाले, "मला दिसत नाही. माझे डोळे गेले."

मॅडम वाकल्या. मला वाटलं माझ्याकडे बघतायत, तर त्या टॅबकडे बघत होत्या. "अहो ताई, डोळे कसले गेले? हा टॅबच काळा पडलाय. मलाही ह्यात काही दिसत नाही." मी त्यांच्याकडे मान वळवली. कान दिसले. कानातल्या कुड्या दिसल्या. त्या कुड्या बघून मला इतकं हसू आलं की हसता हसता मी रडायलाच लागले, आणि मग काही लपवायचं उरलंच नाही. पडदा, झीज, डॉक्टर, सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसले. आता 'आराम करा' कोण म्हणतंय त्याची वाट बघत होते.

मावशीच कडाडली. "मंग आदी बोलाचा नाय आमाला? आमी काय तुजे डोले बघाला येताव?" पदराने माझं तोंड पुसलं तेही रागारागानेच. मॅडमनी काही न विचारता कपाटाखालचा दुसरा पाट ओढला आणि माझ्या पाटाला लावून मांडला. तुझ्या पोथीचं सोवळं सोडलं. अध्याय मोडला होता, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, निम्मा त्यांनी वाचला आणि निम्मा, टॅब पुन्हा उजळल्यावर, मी. मधेच कुणीतरी तो पुसला होता. संध्याकाळी सून घरी आल्यावर उलगडा झाला. त्या काळ्या पट्टीत म्हणे एक बारीक डोळा असतो, खोलीत उजेड किती आहे ते बघणारा. "त्याच्यावरच कुंकू बसलं, मम्मी. त्याला वाटलं रात्र झाली, म्हणून त्याने उजेड कमी केला." मला त्या बिचाऱ्याची दयाच आली. तिने ती सोय बंद करून टाकली. मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "त्याला डोला हाय तं मना काय ठाव, मना वाटला नुसता कपाल हाय."

तेव्हापासून निम्मं-निम्मं चाललंय. मॅडमचं वाचणं सपाट आहे, तुझा हेल नाही, कुठे थांबायचं तेही त्यांना कळत नाही. पण आई, त्या वाचायला लागल्या की मी हात मांडीवर ठेवून नुसती बसते, आणि मला कळलं की इतक्या वर्षांत ही पोथी मी कधी ऐकलीच नव्हती. लहानपणी मी दुधापाशी, पुढे पाटावर. वाचणारीला ऐकू कुठे येतं, तिला पुढची ओळ सांभाळायची असते. आता गोष्ट आपली आपण अंगावरून जाते. परवा त्या राणीला वनात सोडतात तिथे मला रडू आलं, जसं काही पुढे काय होणार ते मला ठाऊकच नव्हतं. आणि मग तुझी आठवण झाली. तुला कधी कुणी वाचून दाखवली गं? बसायला सांगून, "आज तू ऐक" असं म्हणून? आम्हा तिघी बहिणींपैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

सून विचारते आहे, हे कुणाला पाठवायचंय. कुणाला नाही, म्हटलं, राहू दे त्यातच. पण तुझ्यापाशी लपवून काय करू? काल शेवटचा सोमवार होता. माझी पाळी आली तेव्हा मी टॅब चौरंगावर पालथा घातला आणि म्हणाले, "मॅडम, आज पुढचंही तुम्हीच वाचा. बॅटरी संपली." बॅटरी भरलेली होती.