बालक क्रमांक सात कोणाला शोधते

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
पदवी प्रवेश कक्ष, बालशिक्षण विभाग,
विद्यापीठ, मुख्य इमारत, तळमजला.

विषय : बालशिक्षणाच्या तीन पदवी अभ्यासक्रमांपैकी कोणता घ्यावा हे अर्जदारास ठरवता येत नसल्याने आपणच ठरवून देण्याबाबत.

संदर्भ : १) पर्याय निश्चित करण्याविषयी आपले स्मरणपत्र.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो "यात फार मी-मी आहे" या शेऱ्यासह खिडकीतूनच परत मिळाला.

महोदय,

१. वरील शेरा शिरोधार्य मानून या अर्जात 'मी' कुठेही लिहिलेले नाही. जिच्यावर हे सगळे गुदरले आहे तिला 'अर्जदार' म्हटले आहे. अर्जदार विवाहित असून तिला पावणेतीन वर्षांची मुलगी आहे. मुलीचे कागदोपत्री नाव वेगळे आहे. पण पायांवर उभी राहण्याआधी ती घरभर गडगडत फिरायची म्हणून तिला सगळे गोटी म्हणतात, आणि दुसऱ्या कोणत्याही नावाला ती ओ देत नाही.

२. अर्जदाराने घराजवळच्या बालवाडीत काही काळ बदली मदतनीस म्हणून काम केले आहे. मुलांची नाके पुसताना, बुटांचे बंद बांधताना आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना अर्जदाराला एकदाही कंटाळा आला नाही. असे दुसरे कोणतेही काम तिला आजवर सापडलेले नाही. कायम व्हायचे तर पदवी हवी, असे तेथे सांगण्यात आल्याने अर्जदार आपल्या दारात आली.

३. आपल्याकडे तीन अभ्यासक्रम आहेत. पहिला, बालशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा. अर्जदाराला हाच हवा होता व आहे. मात्र तो सकाळपासून दुपार उलटेपर्यंत चालतो आणि तेवढा वेळ गोटीला ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत आणि गोटी पळते. अर्जदाराचे पती लिफ्टदुरुस्तीचे काम करतात. कोणाची लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नसतो. विभागाची स्वतःची बालवाडी त्याच इमारतीत आहे, म्हणून तेथे चौकशी केली असता ती फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असल्याचे कळले. विद्यार्थिनीलाही मूल असू शकते हे नियम करणाऱ्यांच्या मनात आलेले दिसत नाही. खिडकीवरील मदतनीस बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, इथे मुलांविषयी शिकवतात. मुलं आणायची सोय नाही." त्यांचेही बरोबरच होते.

४. तिसरा अभ्यासक्रम बालसंगोपन केंद्रांच्या व्यवस्थापनाचा. तो संध्याकाळी असतो व घरच्यांना सोयीचा आहे. त्यात खरेदी आहे, कर्मचाऱ्यांच्या रजा आहेत, इमारतीच्या सुरक्षिततेवर एक अख्खा विषय आहे, पण शेवटच्या सत्रापर्यंत एकही मूल नाही. पतीला विचारले तर ते म्हणाले, "तुला हवं ते कर, फक्त घर कोलमडू देऊ नकोस." हे ऐकायला चांगले वाटते, पण त्यातून काहीच ठरत नाही.

५. राहिला दुसरा, बालनिरीक्षण व संशोधनाचा. निवडीआधीच्या परिचय पंधरवड्यात अर्जदाराला तो दाखवण्यात आला. निरीक्षण कक्षात एक मोठी काच आहे. निरीक्षकांच्या बाजूने पलीकडची मुले दिसतात, मुलांच्या बाजूने तो नुसता आरसा असतो. आतले बोलणे छतालगतच्या लहान ध्वनिक्षेपकातून ऐकू येते. या गटात मुले कमी पडत असल्याने मदतनीस बाईंनीच तोड सुचवली की, "तुमची आणा की! ती आत, तुम्ही बाहेर. दोघींचंही काम झालं." निरीक्षकाचे कोणत्याही बालकाशी नाते नसल्याचे हमीपत्र पुढे आले, तेव्हा अर्जदार घुटमळली. त्यावर "कोण वाचतंय ते" असे उत्तर मिळाले. अर्जदाराने सही केली. तिला वाटले, बाईच सांगताहेत म्हणजे चालत असेल.

६. त्या दिवसापासून एकाच घरातली तीन माणसे एकाच इमारतीत दोन वेगळ्या दारांनी येतात. अर्जदार आधी निघते व मागच्या दाराने काचेमागे जाऊन बसते. नंतर सासूबाई लंगडत येऊन गोटीला पुढच्या दारात सोडतात. हा प्रकार त्यांना मुळीच पटलेला नाही. "चार पोरं वाढवली, एकालाही काचेतून बघितलं नाही," असे त्या येता-जाता ऐकवतात.

७. कोणी कोणत्या मुलाचे निरीक्षण करायचे याच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. अर्जदाराला बालक क्रमांक सात मिळाले. बालक क्रमांक सात म्हणजे गोटी. अर्जदाराने शेजारच्या उमेदवार मुलीला चिठ्ठी बदलून मागितली, पण तिने तोवर आपल्या मुलाविषयी पान भरून लिहिले होते. कारण सांगावे तर हमीपत्र आड येत होते. अर्जदार बसली आणि लिहू लागली.

८. पहिल्या सकाळी बालक क्रमांक सात रडले. तक्त्यात 'बालक कोणाला शोधते' असा रकाना आहे, 'कशाने शांत होते' असाही आहे. अर्जदाराने दोन्ही रिकामे ठेवून केवळ रडण्याचे वर्णन लिहिले: आवाज चढता, मुठी आवळलेल्या, एक मोजा निसटलेला. तो मोजा वर ओढायला अर्जदाराचा हात आपोआप पुढे झाला आणि काचेवर आपटला. आवाज पलीकडे गेला नाही. काच जाड आहे, तसे माहितीपत्रकातही छापलेले आहे.

९. मात्र काच इतकीही जाड नाही, हे अर्जदार येथे विभागाच्या निदर्शनास आणू इच्छिते. कक्षातील जुन्या पडद्याच्या धुळीने अर्जदाराला त्याच वेळी जोराचा खोकला आला. बालक क्रमांक सात तत्क्षणी रडायचे थांबले. डोळे न पुसता ते आरशापाशी आले आणि नाक टेकवून उभे राहिले. अर्जदाराचे व त्याचे नाक यांत तेवढी काचच होती. घरी रात्री-बेरात्री गोटी दचकून उठते तेव्हा अर्जदार अंधारात मुद्दाम खोकते, म्हणजे तिला कळते की आई आहे, आणि ती पुन्हा झोपते. एवढीच त्या दोघींची रीत आहे. ती कोणत्या पुस्तकात असेल असे वाटत नाही.

१०. दुसऱ्या सकाळपासून बालक क्रमांक सात रडलेले नाही. ते आत आल्याबरोबर थेट आरशासमोर जाते आणि हात मागे बांधून उभे राहते. ठोकळ्यांकडे बघत नाही, रंगांकडे बघत नाही. आतल्या शिक्षिका बाईंनी "ये ना, गोष्ट ऐकायला ये," म्हणून बोलावले तेव्हा ते म्हणाले, "थांबा, आई खोकणारे." हे ध्वनिक्षेपकातून सर्व निरीक्षकांनी ऐकले व ते कौतुकाने हसले. अर्जदारही हसली, कारण न हसणे चमत्कारिक दिसले असते.

११. निरीक्षणाच्या कक्षप्रमुख बाईंनी या वर्तनाला 'काल्पनिक व्यक्तीची प्रतीक्षा' असे नाव दिले आहे. असे उदाहरण क्वचित मिळते म्हणून त्या फार आनंदात आहेत. बालक क्रमांक सात वर्षभर गटात ठेवावे व त्यावर शोधनिबंध लिहावा, असा त्यांचा मानस आहे. अर्जदाराच्या नोंदींवर त्यांनी लाल शाईने "अत्यंत अलिप्त! भावनेचा लवलेश नाही" असा शेरा देऊन दुसऱ्या अभ्यासक्रमासाठी तिची शिफारस केली आहे. अर्जदाराचे आयुष्यात इतके कौतुक कधी झाले नव्हते. तो शेरा वाचून तिला जिन्यात बसून रडू आले, हेही नोंदीत नाही.

१२. महोदय, ती काल्पनिक व्यक्ती म्हणजे अर्जदार आहे. हे कक्षप्रमुखांना सांगितले तर खोट्या हमीपत्राबद्दल तिन्ही अभ्यासक्रमांचा प्रवेश जाईल आणि बालवाडीतले कामही हातचे जाईल. न सांगितले तर गोटी वर्षभर आरशासमोर उभी राहील आणि अर्जदार त्याबद्दल गुण मिळवील. पहिला अभ्यासक्रम घेतला तर गोटीला ठेवायला जागा नाही. तिसरा घेतला तर गोटी घरी राहील, पण ज्यासाठी अर्जदार आली ते काम त्यात नाही. अर्जदाराने पर्याय-पत्रक समोर घेऊन तीन वेळा पेन उघडले व तीन वेळा बंद केले. तिची मती गुंग झाली आहे. मुलांना कसे समजून घ्यावे हे शिकायला ती निघाली होती, आणि स्वतःच्या मुलीला काय सांगावे हे तिला कळेनासे झाले आहे. हमीपत्राचे आपल्याला तरी सांगावे लागणारच होते, म्हणून सांगितले.

१३. तरी आपण योग्य वाटेल तो अभ्यासक्रम अर्जदारासाठी निवडावा. विद्यार्थिनींच्या मुलांना विभागाच्या बालवाडीत जागा देण्याचा नियम करता आला तर पहिला निवडावा. तसे होणार नसेल तर जो निवडाल तो अर्जदारास मान्य असेल. तिची तक्रार राहणार नाही.

१४. निर्णयास वेळ लागतो याची अर्जदारास कल्पना आहे. परंतु पंधरवडा अद्याप संपलेला नाही आणि उद्या सकाळीही गोटी आरशासमोर जाऊन उभी राहील. पहिल्या दिवशीच्या त्या खोकल्यानंतर बिंग फुटू नये म्हणून अर्जदार खिशात खडीसाखर ठेवते आणि घशात काही आले की तोंडात टाकते; त्यानंतर ती तेथे एकदाही खोकलेली नाही. तेव्हा बाकी सर्व निर्णय यथावकाश व्हावेत, पण तोपर्यंत अर्जदारास काचेमागून एकदा, फक्त एकदाच, खोकण्याची परवानगी देण्यात यावी, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली, नम्र,

(सही)
अर्जदार,
निरीक्षक, बालक क्रमांक सात

दिनांक : पर्याय निश्चितीच्या अंतिम मुदतीचा आदला दिवस

सोबत :
१) कक्षप्रमुखांच्या शिफारशीची प्रत.
२) सासूबाईंच्या गुडघ्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र (मागितलेले नाही, त्यांच्या आग्रहावरून).
३) पर्याय-पत्रक, सही केलेले, पसंतीचा रकाना कोरा.