परतीच्या वाटेला किती दिवस धरावेत

प्रति,
मा. मार्ग व परवाना अधिकारी,
वाळवंट मार्ग विभाग, कॅलाबी,
दक्षिण ऑस्ट्रेलिया.

विषय : कॅलाबी वेल्स येथील फलकावर परतीच्या प्रवासाचे दिवस पाचाऐवजी तीन केल्याविरुद्धची माझी तक्रार मागे घेणे, आणि त्यातून निघालेल्या इतर गोष्टींबाबत.

संदर्भ : १. माझा मार्चमधील अर्ज.
२. माझा एप्रिलमधील अर्ज (रागाच्या भरात लिहिलेला).
३. आपले क्षेत्र अधिकारी श्री. लॅक्लन प्रुएट यांची माझ्या स्वयंपाकघरातील भेट.

महोदय,

१. मी, खाली सही करणार व्हर्ना हॅलेट, कॅलाबी वेल्स येथील पेट्रोलपंप व खाणावळ गेली सव्वीस वर्षे चालवते. आमच्या पंपामागे वाळू सुरू होते ती थेट पूर्वेच्या डनमोर गावाशी संपते. त्यामुळे पलीकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या दारात थांबते, टाकी भरते, टायरमधली हवा कमी करते, समोरच्याला टेकडीपलीकडून दिसावा म्हणून उंच झेंडा बांधते आणि मग मला विचारते, की किती दिवस धरायचे? या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम मला कोणी नेमून दिलेले नाही. पण बिनपगारी काम माणूस जरा जास्तच मनापासून करतो. मी सांगत आले, की जाताना तीन दिवस, येताना पाच, आणि पाणी त्या बेताने घ्या.

२. यामागचे कारण आपण जाणताच. आमच्याकडच्या वाळूच्या टेकड्या पश्चिमेकडून सावकाश चढतात आणि पूर्वेकडून भिंतीसारख्या उभ्या असतात. येताना गाडी अर्ध्यात रुतते, मागे घ्यावी लागते, पुन्हा धाव घ्यावी लागते. हे खरे आहे आणि कोणीही सांगेल. मात्र यामुळे दोन दिवस वाढतात, ही माहिती माझे पती श्री. आयव्हर हॅलेट यांची. ते दर महिन्याला डनमोरला टायर, यंत्रांचे भाग आणि तिथल्या लोकांनी मागवलेले सामान पोचवतात. निघण्याच्या आदल्या दिवशी तिथून फोन करतात, "उद्या सकाळी निघतो." आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी, मेंढीची तंगडी भट्टीतून काढायच्या वेळेला, अंगणात हजर होतात. आपल्या विभागाने जुना फलक लावला तेव्हा आपले त्या वेळचे साहेब माझ्याकडेच विचारायला आले होते. माझ्या शब्दावर तिथे पाच लिहिले गेले. त्या फलकावरची धूळ मी दर आठवड्याला स्वतः पुसत असे.

३. या मार्चमध्ये नवीन फलक लागला आणि त्यावर परतीस तीन दिवस असे लिहिलेले पाहून माझा तोल गेला. संदर्भ क्र. २ मध्ये मी लिहिले होते, की ज्याने हे तीन लिहिले त्याला एका बाटलीभर पाण्यानिशी डनमोरला सोडावे आणि उभ्या बाजूने येऊन दाखवायला सांगावे. हे वाक्य मी मागे घेते. त्याच अर्जात एका जर्मन जोडप्याला या मार्गावर कायमची बंदी घालावी अशी मागणी केली होती. ते डनमोरहून तिसऱ्या दिवशी दुपारी हसतखेळत आमच्या दारात उतरले होते. मी भरल्या खाणावळीत त्यांना सुनावले, "टेकड्यांची पार वाट लावत आलात ना? माझा नवरा दर महिन्याला येतो, त्याला पाच दिवस लागतात, आणि तुम्ही कोण लागून गेलात?" त्यातली बाई बिचारी हळूच म्हणाली, "पण आम्ही तर दुपारी झोपतसुद्धा होतो." यावर मी त्यांना शेवटचे खिमा पॅटीस विकायला नकार दिला. त्यांचा पत्ता आपल्या कार्यालयात असल्यास कृपया मला मिळावा. पॅटीस जर्मनीला पोचणार नाही, पण माफी पोचेल.

४. माझी समजूत घालण्यासाठी आपण श्री. प्रुएट यांना पाठवलेत. माणूस सभ्य आहे. त्यांनी टेबलावर संगणक उघडला आणि म्हणाले, "व्हर्ना, रागावू नका. हे आकडे आम्ही मनाचे घातलेले नाहीत, गाड्यांनीच दिलेत."

"कुणाच्या गाड्यांनी?"

"नेहमी जाणाऱ्या-येणाऱ्या. आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त मदत तर तुमच्याच घरच्या गाडीने केली."

येथे नमूद करणे भाग आहे, की आयव्हरच्या गाडीवरची, गाडी कुठे आहे ते उपग्रहातून कळवणारी डबी मीच आपल्या विभागाकडे भांडून मागून घेतली होती. नवरा वाळूत कुठे पडला तर सापडावा, एवढाच हेतू. आयव्हरने तिच्या कागदांवर सही केली, पण वाचले काहीच नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांना जुनी डबी ठाऊक आहे, जी लाल बटण दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. ही नवी डबी दिवसभर बडबडते, हे त्याला माहीत नव्हते. मलाही नव्हते.

श्री. प्रुएट पडद्यावर बोट फिरवत होते. "हा बघा, डनमोरहून निघाला. हा पहिला मुक्काम. हा दुसरा. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"तुमच्या दारातच म्हणा ना. तुमच्याकडून तिसरी टेकडी."

"आणि मग?"

"मग इथे जरा थांबलेला दिसतो. बिघाड झाला असेल काहीतरी."

"जरा म्हणजे किती?"

त्यांनी बोटाने दोन रात्री मोजून दाखवल्या. मी त्यांना आधीच्या खेपा दाखवायला सांगितल्या. त्यांनी दाखवल्या.

"दर महिन्याला त्याच टेकडीवर बिघाड होतो का हो, लॅक्लन?"

श्री. प्रुएट यांनी यावर गरम पॅटीसचा एवढा मोठा घास घेतला, की त्यांचे तोंड भाजले. त्यांचा यात दोष नाही. त्यांच्या गोपनीय अहवालात याचा उल्लेख होऊ नये.

५. दुसऱ्या दिवशी आयव्हर पंपावर असताना मी जुनी गाडी काढली आणि तिसऱ्या टेकडीवर गेले. आमच्या दारातून पाऊण तास लागतो. वर दगडांची चूल होती, काळी किटली होती, आणि एक खुर्ची होती. खुर्ची माझीच होती. चार वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवरून ती नाहीशी झाली तेव्हा मी मासेमारीला जाताना आमच्याकडे थांबलेल्या एका निवृत्त शिक्षकाचे नाव पोलिसांत दिले होते. ती तक्रारही मी वेगळ्या अर्जाने मागे घेत आहे.

मी दुसरी खुर्ची शोधली. झुडपांमागे, टेकडीच्या उतारावर, सगळीकडे शोधली. नव्हती. दुसरा कप नव्हता. एखादी केसाची पिनसुद्धा सापडली नाही. साहेब, सापडली असती तर मी रडले असते, दोन दिवस भांडी आपटली असती आणि काय म्हणायचे ते मला कळले असते. घरी येऊन मी डनमोरच्या हॉटेलवाल्या नोरीनलाही फोन केला. ती म्हणाली, "व्हर्ना, तुझा नवरा इथे येतो, एक बिअर पितो, बिल देतो आणि झोपतो. अगं, मला तो हवा असता तरी बोलला तर पाहिजे ना माझ्याशी!" त्यामुळे तोही मार्ग बंद झाला. केसाने गळा कापतात म्हणतात, इथे तर केससुद्धा नव्हता.

६. मी आयव्हरला विचारले. तो खोटे बोलला नाही. बरीच वर्षे बोलून झाले होते, त्यामुळे दमला असावा.

"घरी आलो की माणसं असतात," तो म्हणाला. "टायर कसे आहेत, वाळू कशी आहे, किती दिवस धरायचे. त्याआधी जरा गप्प बसून घेतो."

"मग घरी गप्प बसायचं. कोण नको म्हणतंय?"

"घरी तू असतेस."

मग त्याच्या लक्षात आले आणि तो म्हणाला, "तसं नव्हे गं." एवढे बोलून तो टायरला हवा भरायला निघून गेला. त्या टायरला हवेची गरज नव्हती.

७. आता माझी मूळ तक्रार काय आहे ती मांडते, कारण ती फलकाबद्दल नाही हे आपल्या लक्षात आले असेल. आयव्हर परतीच्या वाटेवर असला की आमच्या अंगणातला उंच खांबावरचा दिवा मी रात्रभर चालू ठेवते. दिव्यासाठी जनित्र चालवावे लागते, आणि जनित्र चालू असले की मला झोप लागत नाही, पण तो लांबून दिसावा म्हणून मी ते सहन करत आले. आणि आल्यावर दर खेपेला तो म्हणत असे, "लांबून तुझा दिवा दिसला, बरं वाटलं." हे वाक्य मी महिनाभर पुरवून वापरत असे. आता मला कळले आहे, की त्याला तो दोन रात्री दिसत होता. दिसत होता आणि तो उठत नव्हता. उठून चहा टाकत होता, तिथेच.

शिवाय एक गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मी हे वाळवंट कधी ओलांडलेले नाही. पंप कोणीतरी सांभाळायला हवा म्हणून मी राहत गेले. शेकडो गाड्यांना मी छातीठोकपणे दिवस सांगितले, लोकांना सुनावले, आपल्या विभागाला फलक लिहायला लावला, आणि ते सगळे एका माणसाच्या शब्दावर. तो शब्द मी माझा म्हणून पुढे दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तोंडघशी पडले याचे मला फारसे वाटत नाही, मला त्याची सवय होईल. पण त्याने मला लोकांशी खोटे बोलायला लावले आणि मला ते कळूही दिले नाही, याचा मला फार राग आहे. आणि राग ओसरला की जे उरते ते रागापेक्षा वाईट आहे.

८. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) फलकावरील तीन दिवस तसेच ठेवावेत. खाली बारीक अक्षरांत "आयव्हर हॅलेट यांना पाच" असे लिहावे असे मी आधी ठरवले होते आणि त्यासाठी रंगही काढला होता. रंग परत ठेवला आहे.

(आ) मला एका गाडीचा व एका व्यक्तीचा परवाना द्यावा. मी डनमोरला जाऊन परत येणार आहे. पाणी आठवड्यापेक्षा जास्त पुरेल इतके घेतले आहे, झेंडा बांधला आहे, आणि आयव्हरच्या गाडीवरची ती बडबडी डबी काढून माझ्या गाडीवर लावली आहे. तोवर पंप, खाणावळ आणि किती दिवस धरायचे हा प्रश्न आयव्हर सांभाळेल.

(इ) आपल्या नियमाप्रमाणे, प्रवासी वेळेत न आल्यास आपल्या कार्यालयाला फोन करील अशा घरच्या एका माणसाचे नाव द्यावे लागते. आयव्हरच्या प्रत्येक परवान्यावर तिथे माझे नाव आहे. मला एकदाही फोन करावा लागला नाही, कारण तो नेहमी पाच दिवसांत येतो असे मी धरून चालले होते. माझ्या परवान्यावर त्याचे नाव लिहिले आहे. परत निघण्याच्या आदल्या दिवशी मी डनमोरहून त्याला फोन करून सांगेन, की उद्या सकाळी निघते. तीन दिवस, हे आता फलकावरच लिहिलेले आहे आणि त्याला वाचता येते.

(ई) तिसरा दिवस संपला आणि मी घरी पोचले नाही, तर कृपया आपण होऊन शोध सुरू करू नये, विमान पाठवू नये आणि आयव्हरला काहीही विचारू नये. आधी त्याचा फोन येऊ द्यावा. तो कोणत्या दिवशी आला, एवढेच लिहून ठेवावे आणि मी परतल्यावर मला कळवावे. आलाच नाही तर तेही कळवावे.

(उ) श्री. प्रुएट यांना परतीच्या वेळी पडद्यावर माझ्या गाडीचा ठिपका तिसऱ्या टेकडीवर थांबलेला दिसेल. त्यांनी तो बिघाड समजू नये. मी तिथे माझ्या खुर्चीत बसलेली असेन. मी निघेन तेव्हा अंगणातला दिवा बंद असेल. तो लावायची आठवण मी आयव्हरला करणार नाही. टेकडीवरून आमचे अंगण रात्री चांगले दिसते असे ऐकते, ते मला पाहायचे आहे.

वाट पाहण्याची सवय असलेली,
आपली नम्र,

(सही)
व्हर्ना हॅलेट
पेट्रोलपंप व खाणावळ, कॅलाबी वेल्स
दि. ११ जून

सोबत :
१. परवान्याचा अर्ज, भरलेला.
२. पोलिसांकडील खुर्चीची तक्रार मागे घेतल्याची प्रत.
३. घरच्या माणसाचे संमतिपत्र, श्री. आयव्हर हॅलेट यांच्या सहीचे. त्यांनी ते न वाचता सही केली आहे.