शेपटीकडचे पट्टे

आबा, परवा आपल्या खळ्यात एक साप मारला. तुझ्या नातवाने, म्हणजे माझ्या मुलाने, फावड्याचा एकच घाव घातला आणि मी तीन हात अंतरावर उभा राहून बघत राहिलो. तुझ्या माघारी या खळ्यात पहिल्यांदाच साप मेला असं नाही, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. माझ्या माघारी काय काय झालं असेल ते मी कधी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. पण परवा मी समोर होतो. साप ओळखला होता, नाव घेतलं होतं, तरी वाचवता आला नाही. म्हणून लिहायला बसलो. शाळेच्या मराठीत बापाला 'तुम्ही' लिहितात, ते मला जमायचं नाही. घरात तुला 'तू'च म्हणायचो, आता मेल्यावर कसला मान वाढवू?

खळं आहे तिथेच आहे, घरापुढे, अंगणासारखं. वैशाखात जमिनीला अजून तशाच भेगा पडतात, पोराचा पंजा आत जाईल एवढ्या. कपाशीच्या काड्यांचा ढीग कुंपणाला लागून असतो, त्यात उंदीर, आणि उंदराच्या मागे ही मंडळी. म्हैस नाही आता. गोठ्याच्या जागी सुनेची स्कूटी उभी असते. ओटा तोच, फक्त वर फरशी आली. खिडकीला मोठा कूलर लावलाय, त्याच्या स्टँडखाली दिवसभर पाणी ठिबकतं आणि अख्ख्या खळ्यात ओल असते ती तेवढ्याच जागी. मी सुनेला सांगितलं होतं, बाई, उन्हाळ्यात ओल दिसली की जनावर येणारच, तिथे भांडी ठेवू नकोस. ती 'हो पप्पा' म्हणाली. आमच्याकडे 'हो पप्पा' म्हणजे विषय संपला.

तुझी राख मला रोज आठवते. चुलीतली राख चाळणीने चाळून तू संध्याकाळी ओट्याच्या पायरीपासून गोठ्यापर्यंत तिचा पातळ पट्टा ओढायचास. सकाळी चहाच्या आधी आपण दोघं उकिडवे बसून वाचायचो. नागमोडी, अंगठ्याएवढी रुंद रेघ दिसली की धामण. सरळ, जड, पोत्यासारखी ओढत नेलेली दिसली की तू मायला सांगायचास, आज काड्या मी काढीन, तू हात घालू नको. घोणस असायची ती. रात्री कोण आलं, कोण गेलं, सगळी हजेरी त्या राखेत. पुढे डेपोत वे-बिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, भरताना मला दर वेळी तीच राख डोळ्यांसमोर यायची. मी सात वर्षांचा असताना धामणीला बघून किंचाळलो, तेव्हा तू मला कानाला धरून तिच्यामागे कुंपणापर्यंत नेलं होतंस. "तुले काय करी ती? तिनं तुन्हा दाणा राखा, आनि तू तिले शिव्या दी ऱ्हायना!" कान दोन दिवस दुखत होता. धामणीची भीती मात्र गेली ती कायमची.

आणि तुझा कायदा! "पहिले नाव, मंग काठी." साप निघाला की आधी कुणीतरी जवळ जाऊन तो कोण आहे ते बघायचं आणि मोठ्याने नाव घ्यायचं. बिनविषारी असेल तर काठीला कुणी हात लावायचा नाही. विषारी असेल तर लांब बांबूने मडक्यात घालायचा आणि नाल्यापलीकडे नेऊन सोडायचा. ज्याने नाव घेतलं, त्याने त्या रात्री खळ्यात खाट टाकून झोपायचं. नाव बरोबर असेल तर भ्यायचं कारण नाही, आणि भीती वाटत असेल तर नाव घ्यायचंच कशाला? गावातले लोक हसायचे, पण साप निघाला की तुलाच बोलवायला यायचे. मी दहा वर्षांचा झालो तेव्हा तू मला नाव घ्यायची मोकळीक दिलीस. मिशी फुटल्यासारखा मी गावभर फिरलो होतो.

सगळ्यात अवघड जोडी कवड्या आणि मण्यार. दोघांच्या अंगावर पट्टे, दोघं काळपट, दोघं घराच्या आसपास. एक पाली खाऊन भिंतीवर चढणारा बिचारा, दुसरी चावली तरी कळू न देणारी. तू खडूने ओट्यावर दोघांचं चित्र काढलं होतंस. कवड्याचे पट्टे मानेपासून जाड सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीचं उलटं, मानेकडे कोरी आणि शेपटीकडे पट्टे ठळक. "तोंड देखीसन नाव लेवू नको, शेपटी देख," असं तू किती वेळा म्हणाला असशील! मीही ते पाढ्यांसारखं घोकलं होतं.

त्या संध्याकाळचं मी आजवर कुणाशी बोललो नाही. तू म्हशीखाली बसला आहेस, धारेला. माय काड्यांच्या ढिगाकडून ओरडते, पट्ट्यांचं आहे, पट्ट्यांचं! धार अर्ध्यावर सोडली तर म्हैस पान्हा चोरते, म्हणून तू तिथूनच मला हाक देतोस. "देख रे, कोण शे?" मी चौदा वर्षांचा, ओट्यावर. थोड्या वेळाने मी ओरडतो, "कवड्या!" तू विचारतोस, "शेपटी देखी का?" मी म्हणतो, "हां, देखी." तेवढ्यावर तू धार पुरी करतोस. मायला सांगतोस, जाऊ दे त्याला, घरचाच आहे. माझ्या शब्दावर तू साधं वळूनही पाहत नाहीस. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

नाव मी घेतलं, म्हणजे रात्री खाट माझी. पण दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताची परीक्षा होती. मी तोंड पाडलं आणि तू हसलास. "तू घरमा झोप. मी झोपस." खाटेची सुतळी तू त्याच दुपारी नव्याने विणायला म्हणून सोडली होतीस, नुसता सांगाडा उभा होता. म्हणून तू जमिनीवरच गोधडी टाकलीस. एवढं एकच.

सकाळी तू पोट धरून बसलास. माय म्हणाली रात्रीची वांग्याची भाजी बाधली. ओवा दिला, गरम पाणी दिलं. मग तुझ्या पापण्या खाली यायला लागल्या. तू बोटांनी त्या वर उचलून आमच्याकडे बघायचास आणि सोडल्या की पुन्हा पडायच्या. अंगावर दाताची खूण कुठेच दिसेना. ती मण्यार होती, हे तुला मात्र कळलं होतं. चार माणसं गोळा झाली, ट्रॅक्टर आणायला कुणी धावलं, कुणी विचारलं, संध्याकाळी निघाला होता त्याला कवड्या कोण म्हणालं? मी दाराआड उभा होतो. तुझी जीभ जड झाली होती, तरी तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "मीच बोलनू. चूक मन्ही शे." माय माझ्याकडे बघत होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि ती गप्प झाली, मरेपर्यंत गप्प राहिली. ट्रॉलीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तालुक्याचा फाटा यायच्या आधी तुझा श्वास थांबला. मी तुला हलवत होतो, हाका मारत होतो, आणि ट्रॅक्टर चालूच होता. काय करणार होतो मी?

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. गावात म्हणच पडली. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं आणि ते खोटं निघालं, की लोक म्हणतात, "आबाना कवड्या!" पावसाचा अंदाज चुकला, आबाना कवड्या. निवडणुकीचं गणित चुकलं, आबाना कवड्या. ज्यांनी तुला पाहिलंही नाही ती पोरं पारावर म्हणतात. शहाद्याच्या स्टँडवर एकदा एक प्रवासी मला म्हणाला, बस पाचला नक्की सुटेल ना मास्तर, का आबाना कवड्या? मी हसलो, आबा. तिकीट फाडून दिलं आणि हसलो. अख्ख्या पंचक्रोशीत ज्याला साप कळत होते असा एकच माणूस, आणि त्याचं नाव चुकीची खूण होऊन बसलं. मी एका वाक्यात ते पुसू शकत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला इतकी वर्षं खवखवलं, पण तोंड काही उघडलं नाही.

आता परवाचं ऐक. सकाळचे नऊ वाजले असतील. सून कूलरखालचं घमेलं उचलायला गेली आणि तिने किंकाळी फोडली. नात खळ्यातच होती. नुकती चालायला लागली आहे, दिसेल त्याला 'ची' म्हणते आणि हात लावायला धावते. मुलगा फावडं घेऊन आला. मी म्हणालो, थांब, आधी नाव. चष्मा लावला, गुडघे कुरकुरले तरी उकिडवा बसलो आणि बघितलं, आबा. अगदी सावकाश बघितलं. दीड हाताचा असेल. मानेपासून जाड पट्टे, मागे विरत गेलेले, शेपटी जवळजवळ कोरी. तुझं खडूचं चित्रच. मी म्हणालो, "कवड्या आहे. शेपूट पाहिलं मी. राहू दे त्याला, मी आज खळ्यात झोपतो." मुलगा म्हणाला, "पप्पा, शुगर आहे तुम्हाला, नाटकं नका करू. आणि आबांचा कवड्या नको मला. पोरगी आहे घरात." मी तोंड उघडलं. आबा चुकलेच नव्हते, एवढंच म्हणायचं होतं, तीन शब्द. ते म्हणायच्या ऐवजी मी उठून मागे सरलो, आणि फावडं खाली आलं.

त्याला मी दोष देत नाही. बाप आहे तो. त्या लेकराकडे बघून मीही कदाचित फावडं उचललं असतं. पण तुकडे झाल्यावरही तो कवड्या कितीतरी वेळ हलत होता आणि मला तिथून पाय उचलता येईना. सून नातीला कडेवर घेऊन आत गेली. सोमवारी खळ्यात काँक्रीट पडणार आहे. खडी येऊन पडलीसुद्धा. भेगा नाहीत, उंदीर नाहीत, साप नाहीत, असं मुलगा म्हणतो. मी राख कुठे चाळू, असं मी विचारलं नाही. गॅसवर राख होत नाही, हेही एक आहेच.

इथवर ठीक होतं. काल संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मेलेल्या सापाचा फोटो त्याने मोबाइलवरून शहाद्याच्या एका साप पकडणाऱ्याला पाठवला होता. उत्तर आलं, कवड्या, बिनविषारी. पोरगा ओशाळला होता. म्हणाला, "पप्पा, तुमचं बरोबर होतं. मी उगाच मारला." मग म्हणाला, "तुम्हाला तर हे आबांनीच शिकवलं ना? मग ते कसे काय चुकले?"

असा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. लोकांनी म्हण केली, पण विचारलं नाही कुणी. आणि विचारलं ते माझ्याच पोराने, किती सरळ तोंडाने, उत्तर खरं येईल अशा विश्वासाने. तू धारेवरून मला विचारलंस तेव्हा तुझ्या आवाजात जो विश्वास होता, तोच. मी त्याला काय सांगितलं असेल? म्हणालो, "अंधारून आलं होतं. त्याच्या डोळ्यांना नीट दिसलं नसेल." पोरगा मान हलवून उठून गेला.

तुझे डोळे चांगले होते, आबा. मरेपर्यंत तू सुईत दोरा ओवायचास. पण हे पत्र मी पोराच्या हातात देणार नाही. ट्रंकेत तुझ्या धोतराखाली ठेवेन आणि सोमवारी खडी ओतायला मदतही करेन, मला माझी कमजोरी माहीत आहे. फक्त जे पोराला सांगता आलं नाही ते तुला सांगतो. त्या संध्याकाळी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती आणि शेवटच्या ओव्हर उरल्या होत्या. काड्यांच्या ढिगापर्यंत जायला वीस पावलं लागली असती. शेपूट मी पाहिलंच नव्हतं. मी ओट्यावरून उठलोच नव्हतो.