पाल्याचं मानधन

२३ जून २००३
महाविद्यालयाच्या पंचिंग मशीनबद्दल अत्यंत खेदपूर्वक नोंद करणं भाग आहे. तीन कागद दिले की दोहोंना भोक पाडतं, तिसऱ्याला नुसतं दुखवतं. आणि विद्यापीठाला सगळं चार प्रतींत हवं! संशोधन अनुदानांचं काम संस्कृतच्या मास्तराकडे का, असं प्राचार्यांना विचारलं. म्हणाले, "तुमच्या वर्गात मुलं किती?" सात. वाद संपला.

२४ जून
यंदा अनुदान एकच — वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रंजनाचं. मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या बाजूची औषधी झाडं. फॉर्ममध्ये विषय, अधिकारी, प्रयोजन सगळं शास्त्रशुद्ध विचारलंय. प्रयोजनाला जागा दीड ओळ.

११ जुलै
अडलं. रंजनाला झाडं दाखवते ती वैशाखऱ्याजवळच्या पाड्यावरची हिराबाई. काविळीवर झाडपाला देते, लोक लांबून येतात. माहिती देणाऱ्याला पाचशे रुपये मानधन द्यायचं आणि पावती घ्यायची, असा नियम. हिराबाई पैसे घेत नाही. पाल्याचे पैसे घेतले की देणाऱ्याचा हात जातो, मग त्या हातचं औषध लागू पडत नाही, म्हणे.
आमचे हेडक्लार्क कुंडलिक म्हणाले, "पावती नाय तर दुसरा हप्ता नाय, सर."
साडी देऊ या का, विचारलं.
"साडीचा रकाना नाय."

१५ जुलै
रंजना रडवेली. हप्ता थांबला तर प्रकल्प बंद. नोकरीत कायम व्हायला तिच्या फाइलीत दाखवण्यासारखा हा एकच प्रकल्प.

१९ जुलै
स्वतः गेलो. वैशाखऱ्यापर्यंत एसटी, पुढे चिखल. हिराबाई भाताच्या लावणीवरून नुकती परतलेली.
"रंजीचे मास्तर का तुमी? बसा. तोंड काय काविळीचं दिसत नाय तुमचं."
सगळं न्यायशास्त्र पणाला लावलं. म्हटलं, पैसे पाल्याचे नाहीतच, रानात चालण्याचे आहेत.
"चालायचं पैसं? मंग बैलाला किती देता?"
पूर्वपक्ष भारी होता. शेवटी रंजनाच्या नोकरीचं सांगितलं. म्हातारी बराच वेळ पायाचा चिखल खरवडत बसली.
"पोरीचं अडतंय ना? आणा कागद."
पाचशे रुपये घेतले, अंगठा दिला. वर कोरा चहा पाजला — झकास.

२ ऑगस्ट
पावती रवाना, चार प्रतींत. कुंडलिक म्हणाले, "तुमी वकील व्हायला पायजे होतं." हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि दिवसभर उतरलो नाही.

२१ ऑगस्ट
हप्ता आला. रंजनाने पेढे वाटले. मी दोन खाल्ले. घरी एकच सांगितला.

९ सप्टेंबर
रंजना पाड्यावर जाऊन आली. हिराबाई पूर्वीसारखीच तिला रानात नेते, थट्टा करते, झाडं दाखवते. पण पाला कुणालाच देत नाही. या पावसात काविळीची सहा माणसं आली. सहाही जणांना मुरबाडच्या दवाखान्यात जा म्हणून परत पाठवलं. त्यात तिचा सख्खा भाऊ. रंजनाने कारण विचारलं तर म्हणाली, "माझा हात गेला गो." बस, एवढंच. तक्रारीचा सूरही नाही.

१० सप्टेंबर
हात जातो यावर माझा विश्वास नाही. तिचा आहे, आणि अंगठा घेताना ते मला ठाऊक होतं. पैसे परत घेतले तर हात परत येतो का, हे तिला विचारायला जायचं आहे. ती नाही म्हणेल, याची भीती वाटते.